पाय पोचतात का?

पहिली मोटारसायकल कोणती घ्यावी, हे कोणालाही विचारून बघा. सांगणारा आपल्याकडे बघतच नाही. त्याची नजर आपल्या डोक्यावरून पलीकडे, थेट त्याच्या कॉलेजच्या सायकल स्टँडवर जाते आणि तिथे जी गाडी लावलेली असते, तीच तो आपल्याला घ्यायला लावतो.

माझी उंची पाच फूट, वजन 52 किलो आणि वय विचारू नये एवढं. पुण्यातली बाई असल्यामुळे लूनापासून आजकालच्या स्कूटरपर्यंत सगळं चालवून झालेलं, पण सगळं बिनगिअरचं. मुलं मार्गी लागली आणि एका रात्री जेवताना मी जाहीर केलं, "मला गिअरची गाडी घ्यायचीय." ह्यांचा आमटीचा डाव हवेतच राहिला. "कोणासाठी?" एवढंच त्यांनी विचारलं.

सासरे, म्हणजे आमचे अण्णा, मात्र खुलले. "येझदी घे! गिअरचा जो दांडा, तोच वर फिरवला की किक. आहे का आज असलं डोकं कोणाकडे?" मग पायजमा वर करून त्यांनी नडगीवरचा व्रण दाखवला. उलट आलेल्या किकचा तो प्रसाद. अण्णा तो पदकासारखा मिरवतात. म्हैसूरचा तो कारखाना 1996 साली बंद पडला, हे मी सांगून पाहिलं. 2022 साली येझदी नावाच्या नव्या गाड्या आल्या आहेत, हेही सांगितलं. "त्या बटणावर सुरू होतात," अण्णा म्हणाले, आणि तो विषय तिथे मिटला.

भाऊ फक्त "आरएक्स हंड्रेड" म्हणाला आणि डोळे मिटून त्याने खोल श्वास घेतला. टू-स्ट्रोकचा तो निळा धूर खोलीत अर्थातच नव्हता. ती गाडी आपल्याकडे 1985 ते 1996 एवढीच निघाली. आता कुठे मिळालीच तर हौसेच्या भावाने मिळते. नणंदेचा मुलगा म्हणाला, "मामी, ड्यूक घे. आपल्या चाकणलाच बनते." दोनशे सीसीच्या ड्यूकची ताकद 25 अश्वशक्ती. माझा मिक्सर पाऊण अश्वशक्तीचा आहे आणि दुसऱ्या बटणावर गेला की तोही मला दचकवतो.

ऑफिसातल्या साहेबांनी बुलेटशिवाय दुसरी गाडी असते हेच मान्य केलं नाही. बुलेटवाल्यांना लडाखला जायचं असतं. बहुतेक सगळे सिंहगडापर्यंत पोचतात आणि भजी खाऊन परत येतात. मी कागदावरचे आकडे पाहिले. क्लासिक 350 चं वजन 195 किलो. म्हणजे मी, हे आणि अण्णा असे तिघं एका पारड्यात बसलो, तरी तराजू गाडीकडेच झुकणार.

शेजारचे काका बँकेतून निवृत्त. त्यांनी तीनच प्रश्न विचारले: ॲव्हरेज किती, स्पेअर कुठे मिळतात, रिसेल काय येते. त्यांच्या मते गाडी घेतात ती पुढे विकण्यासाठी. मधल्या काळात ती चालवावी लागते, त्याला इलाज नाही.

मग शोरूम. "सरांना कोणती दाखवू?" विक्रेत्या मुलाने विचारलं. "मी मागे बसणार," हे म्हणाले. मुलगा जरा घोटाळला आणि आम्हाला अदबीने स्कूटरच्या दालनात घेऊन गेला. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. 2001 साली पल्सर आली, तेव्हा तिच्या जाहिरातीत 'डेफिनेटली मेल' असंच लिहिलं होतं. पोराने बिचाऱ्याने घोषवाक्य मनावर घेतलं.

घरी येऊन विचार केला, तेव्हा लक्षात आलं की मिळालेल्या एकूण एक सल्ल्यांत गाडी पळत होती. जाहिरातीतही ती पळतच असते, तीही मोकळ्या रस्त्यावर. आमच्या पुण्यात गाडीचं अर्धं आयुष्य उभं राहण्यात जातं. सकाळी पार्किंगमधून ती मागे ओढायची. सिग्नलला एका पायावर तोलायची. लक्ष्मी रस्त्यावर दोन गाड्यांच्या फटीत घुसवायची. आणि शिकाऊ माणूस पडतो तो साठच्या वेगात क्वचितच. तो पडतो उभ्या गाडीवरून, दहा ओळखीचे लोक बघत असताना. चाकं फिरत असली की गाडी बरीचशी आपला तोल आपण सांभाळते. ती थांबली, की सगळं वजन तुमच्या पायांवर. हळू वळताना हँडल तिरकं असेल आणि घाबरून पुढचा ब्रेक आवळला, तर मग पायांनाही कोणी विचारत नाही.

म्हणून मी पळणाऱ्या गाडीचा नाद सोडला आणि उभ्या गाडीची परीक्षा घ्यायला निघाले. स्टँड काढून बसायचं; दोन्ही चवडे टेकतात का बघायचं. उतरून ती चढावर मागे ढकलायची. मग मेन स्टँडवर लावायची, कोणाचीही मदत न घेता. एक्सपल्सची सीट 825 मिलिमीटर उंच. वर बसले, देखावा छान दिसला, जमीन मात्र सापडेना. ॲव्हेंजरची 737, पाय अगदी घरच्यासारखे टेकले. पण ती एवढी लांबलचक, की आमच्या पार्किंगमध्ये वळवायची तर आधी सोसायटीची सर्वसाधारण सभा बोलवावी लागली असती. स्प्लेंडरची 785, वजन 112 किलो, ताकद आठ अश्वशक्ती. पाय पोचले, ढकलली तर मागे गेली, स्टँडवरही चढली. 1994 पासून रस्त्यावर असलेल्या गाडीत कोणाला काही रोमांच वाटत नाही. मला मात्र ती मागे सरकली तेव्हा झाला. काकांनी हे ऐकून पेढे वाटायचेच बाकी ठेवले.

त्यांच्याच जुन्या गाडीवर मी हाफ क्लच शिकले. बिनगिअरचं लायसन्स या गाडीला चालत नाही, त्यामुळे आजी होण्याच्या वयात पुन्हा लर्निंग, पुन्हा पाटीवर लाल 'एल', आणि टेस्टसाठी तीस दिवसांची वाट. काका रोज संध्याकाळी टाकीत डोकावत. शिकवणी फुकट होती, पेट्रोल नव्हतं.

पक्कं लायसन्स हातात आलं, मग दसऱ्याला गाडी. हार झाला, चाकाखाली लिंबू झालं. नियमाप्रमाणे दोन हेल्मेटंही मिळाली. तेवढ्यात तोच विक्रेता पाना घेऊन आला. मागच्या चाकाला डाव्या बाजूने साडीगार्ड असतो. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकलं पाहिजे, असा नियमच आहे. पोरं तो पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात.

"मॅडम, हा काढून देऊ? चालवणार तुम्हीच, म्हणजे साडीचा प्रश्नच नाही."

"राहू द्या," मी म्हटलं. "मागे हे बसणार आहेत, आणि ह्यांचा सणाचा लेंगा चांगला दोन माणसांचा आहे."