टर्बोरावांची क्लच-चिंता

पुण्यात टर्बोराव ही जमात अलीकडे चांगलीच फोफावली आहे. वय पस्तिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी हिंजवडीत, कर्जाचा फ्लॅट बाणेरला आणि जीव चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या एका पोलोत. त्यातही गाडी २०२० नंतरची: एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीने हिला ११० अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क दिला होता. सर्वसामान्य माणसाला कात्रजचा चढ चढायला तो पुरतो, पण टर्बोराव सर्वसामान्य नाहीत. एका शनिवारी लॅपटॉपवाल्या ट्यूनरने वायर जोडून गाडीचा रिमॅप केला आणि टॉर्क दोनशेच्या पुढे गेला. मग एअर फिल्टर आला, डाउनपाइप आला, आणि सोसायटीच्या वॉचमनला दचकवणारा सायलेन्सरही आला. या सगळ्याचे निर्णय एकेका रात्रीत झाले. क्लच बदलायचा की नाही, हा प्रश्न मात्र गेल्या दिवाळीपासून लोंबकळतो आहे.

हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे म्हणून लोंबकळतो आहे, असं टर्बोरावांना वाटतं. मला तसं वाटत नाही. आजवर त्यांनी गाडीला जे जे चढवलं, ते एक तर डोळ्यांना दिसतं, कानाला ऐकू येतं किंवा पाठीला सीटमध्ये दाबतं. क्लच यातलं काहीच करत नाही. तो गाडीच्या ताकदीत अर्ध्या घोड्याचीही भर घालत नाही, आणि बॉनेट उघडून पाहुण्यांना दाखवावा तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तोंड लपवून बसलेला. त्याच्यावर पैसे घालायचे तर कारण लागतं. आणि कारण खरोखर आहे का, हे तपासायला टर्बोराव तयार नाहीत. कारण नसल्याचं निघालं तर काय, ही धास्ती. म्हणून माझं मत सरळ आहे: क्लच घसरत नसेल तर बदलू नये, आणि घसरतोय की नाही हे दहा मिनिटांत कळतं.

मुळात क्लचला अश्वशक्ती कळतच नाही, त्याला कळतो फक्त टॉर्क. प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटवरच्या अस्तराचं घर्षण, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या दोन बाजू, एवढ्या चार गोष्टींच्या गुणाकारावर तो किती टॉर्क धरणार हे ठरतं. यात इंजिनाच्या फेऱ्यांचा संबंध नाही. टर्बोरावांचा दिवाणखान्यातला अभिमान मात्र सगळा साडेपाच हजार फेऱ्यांवरच्या आकड्यात आहे. आता गंमत अशी, की टर्बो इंजिन आपला पूर्ण टॉर्क दोन हजारांच्या आसपासच ओतायला लागतं. तिथे २१० न्यूटन मीटर म्हणजे जेमतेम साठ अश्वशक्ती. म्हणजे टर्बोराव आरडाओरडा करत गाडी पळवतात तेव्हा क्लचला फारसं काही वाटत नाही. त्याचा खरा छळ होतो तो सहाव्या गिअरमध्ये गाणी ऐकत, गिअर न उतरवता, ट्रकला ओलांडण्यासाठी पाय दाबला की. हे सांगितलं की टर्बोराव थोडे खट्टू होतात. आपल्या पराक्रमाने क्लच मेला असता तर चाललं असतं. आळसाने मेला हे ऐकवत नाही.

परीक्षा त्याच जागी घ्यायची. इंजिन चांगलं गरम झालेलं, रिकामा चढ, पाचवा गिअर, दोन हजार फेरे, आणि पाय तळापर्यंत. टॅकोमीटरचा आणि वेगाचा असे दोन्ही काटे हातात हात घालून चढले तर क्लच ठणठणीत आहे. फेऱ्यांचा काटा एकदम उडाला, गाडी मात्र होती तिथेच आणि नाकात जळका वास, तर क्लच गेला. मग चालढकल नको. दोनशे न्यूटन मीटरवर नुसते पाचशे फेऱ्यांचं घसरणं धरलं तरी प्लेटवर साडेदहा किलोवॅट उष्णता तयार होते. घरातले दोन किलोवॅटचे पाच गिझर एका थाळीएवढ्या चकतीवर लावल्यासारखं. यात फ्लायव्हीलही करपतं. पण टर्बोराव ही परीक्षा देत नाहीत. ते त्याऐवजी तीन गॅरेजवाल्यांना विचारतात. पहिला म्हणतो "लगेच बदला", दुसरा म्हणतो "काही गरज नाही", तिसरा म्हणतो "गाडी सोडून जा, बघू". टर्बोराव तिघांचं म्हणणं एक्सेलच्या तक्त्यात भरतात आणि चौथ्याचा नंबर मिळवतात.

त्यांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी दणकून लागते. मग एकदाच काय तो दणकट क्लच का टाकू नये? बरोबर आहे. प्लेट झिजून संपलीच असेल किंवा दुसऱ्या कामासाठी गिअरबॉक्स खाली आलाच असेल, तर कंपनीपेक्षा थोडी जड प्रेशर प्लेट आणि साधंच ऑरगॅनिक अस्तर टाकावं, मी हरकत घेणार नाही. पण धडधाकट प्लेट मजुरी वाचवण्यासाठी काढायची, म्हणजे मजुरी वाचवण्यासाठी मजुरी देणं झालं. शिवाय टर्बोरावांची नजर साध्या प्लेटवर नसतेच. त्यांना हवी असते ती सिरॅमिक तुकड्यांची, शर्यतीतली. ती पकडते ती फाटकन पकडते. हळूच सोडायचा प्रकार तिला ठाऊक नाही. चांदणी चौकाच्या गर्दीत पहिल्या गिअरवर हातभर पुढे सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं, की गाडी ताप भरल्यासारखी थडथडते. पेडल इतकं जड होतं, की वहिनी दुसऱ्याच दिवशी किल्ली टेबलावर ठेवून रिक्षा बोलावतात. टर्बोरावांनी तक्त्यात या रिक्षांचं भाडं धरलेलं नाही.

आणि क्लच घट्ट केला म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही, तो फक्त पुढच्या घरी जातो. या गाडीचा गिअरबॉक्स एमक्यू २०० कुळातला. त्यातले दोनशे म्हणजे साधारण तेवढ्याच न्यूटन मीटरचा हिशोब. क्लच घसरतो तेव्हा नाइलाजाने का होईना, तो मागच्या दातांना वाचवत असतो. त्याने घसरणं सोडलं की प्रत्येक हिसका थेट गिअरवर आणि ड्राइव्ह शाफ्टवर. क्लचपेक्षा गिअरबॉक्स महाग, हे सांगायला चौथा गॅरेजवाला लागत नाही.

याहून स्वस्त उपाय त्याच लॅपटॉपमध्ये आहे. ट्यूनरला सांगायचं, बाबा, अडीच हजार फेऱ्यांपर्यंतचा टॉर्क जरा आवर, वरचा राहू दे. कमाल अश्वशक्ती तीच राहते, क्लच सुखात राहतो. टर्बोराव यावर दुखावतात: "मग खालचा किक जाईल ना!" किक जाईल हे खरं. पण तो हवा तेव्हा एक गिअर उतरवला की परत मिळतो, आणि त्यासाठीच तर त्यांनी हट्टाने मॅन्युअल घेतली होती.

"हौस आहे, माझे पैसे आहेत," हा शेवटचा बचाव. हौसेला मी नाव ठेवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला आडकाठी करतं, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं, आणि विमा कंपनीला न कळवलेला रिमॅप दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. हे सगळं टर्बोरावांना पाठ आहे आणि त्याने त्यांची झोप उडालेली नाही. झोप उडवली आहे ती एका अजून न घसरलेल्या प्लेटने. तेव्हा टर्बोराव, या रविवारी पहाटे चढावर जाऊन काटा बघा. उडाला तर सोमवारी गाडी गॅरेजला लावा. नाही उडाला तर तक्ता पुसून टाका, आणि क्लचसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत चार चांगले टायर आणि ब्रेक पॅड घ्या. रिमॅप केल्यापासून तेवढंच घ्यायचं राहिलं आहे.