चार बत्तिसांश इंच

मनुष्यस्वभावाविषयी जितका सखोल अविश्वास सरकारी नियमपुस्तकांत व्यक्त झालेला असतो तितका तो कोणा विरक्त सत्पुरुषाच्या वाणीतही आढळत नाही, असे माझे मत महसूल खात्यातील अव्वल कारकुनीच्या काळात बनले होते. आणि सेवानिवृत्तीनंतर अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात भाच्याकडे काही महिने राहण्याचा योग आला तेव्हा, या बाबतीत तेही राष्ट्र आपल्या मागे नाही हे पाहून माझा परकेपणा बराचसा निवाला. निमित्त झाले व्यावसायिक वाहनचालकाच्या परवान्यासाठी द्याव्या लागणाऱ्या लेखी परीक्षेचे, आणि त्या परीक्षेसाठी राज्याने छापलेल्या एका भरभक्कम पुस्तकाचे.

भाचा व्यवसायाने संगणक-अभियंता. एडिसनजवळच्या ज्या कंपनीत तो होता तिने काटकसरीचे धोरण स्वीकारले, आणि काटकसरीचा आरंभ, सर्वत्र होतो तसा, काम करणाऱ्यांपासून झाला. देशात कायम राहण्याचा हक्क पदरी असल्याने गाशा गुंडाळण्याची वेळ आली नाही, परंतु दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज करकरून कंटाळल्यावर एके सायंकाळी त्याने जाहीर केले की आपण आता अठरा चाकांचा ट्रक चालविणार. साताऱ्यास माझ्या वडील भगिनीला ही वार्ता कळली तेव्हा दूरध्वनीवर काही काळ केवळ श्वासोच्छ्वास ऐकू आला, आणि मग, "अरे, तू तिथे असताना हे झालं कसं?" असा जाब विचारला गेला. या उद्योगाला येथे एक लेखी परीक्षा आहे, आणि तीत नापास होणारेही पुष्कळ असतात, एवढे मी तिच्या कानी घातले मात्र, तिचा स्वर पालटला. परीक्षा असलेल्या कोणत्याही गोष्टीला आमच्या घराण्यात आजवर कोणी हलके म्हटलेले नाही. "मग त्याचा अभ्यास तू घे," असा हुकूम सुटला, आणि माझी परीक्षकपदावर बिनपगारी नेमणूक झाली.

या परवान्याचा पूर्वेतिहास माझ्यासारख्या खात्यातल्या माणसाला विशेष मनोरंजक वाटला. पूर्वी त्या देशातील कित्येक राज्यांत साधी मोटार चालविण्याचा परवाना असलेला इसम ट्रॅक्टर-ट्रेलर अथवा बसही कायदेशीरपणे हाकू शकत असे. शिवाय काही दूरदर्शी चालक एकाहून अधिक राज्यांचे परवाने बाळगून आपले गुन्हे त्यांवर अशा बेताने वाटून टाकीत की, कोणत्याही एका परवान्यावर डोळ्यांत भरण्याइतका मजकूर साचू नये. एकाच चुलीच्या नावे निरनिराळ्या गावी काढलेल्या शिधापत्रिका ज्याने तपासल्या आहेत त्याला या युक्तीत नवे काही दिसणार नाही. अमेरिकेच्या काँग्रेसला मात्र ती दिसली, आणि 1986 साली कायदा होऊन एका चालकाजवळ एकच परवाना असावा असे ठरले. पुढे 1 एप्रिल 1992 पासून, ज्याची भारक्षमता 26,001 पौंड किंवा त्याहून अधिक आहे असे वाहन चालविण्यास हा निराळा परवाना सक्तीचा झाला. 26,000 च्या पुढचा तो एक पौंड ज्याने मसुद्यात लिहिला, तो गृहस्थ कोणत्याही देशाचा असो, आमच्याच बिरादरीचा होता.

परीक्षा तीन भागांत होती: सामान्य ज्ञानाचे 50 प्रश्न, एअर ब्रेकचे 25 आणि जोडवाहनाचे 20, आणि तिन्हींत शेकडा 80 उत्तरे बरोबर यावयास हवीत. दुय्यम सेवा परीक्षा आणि महसूल अर्हता परीक्षा या दोन्ही घाट्या मी ओलांडलेल्या असल्याने, नियमपुस्तक वाचावे कसे याचे जे शास्त्र भाच्याच्या विद्यापीठात शिकवीत नाहीत ते मला अवगत होते. पुस्तकाशी वाद घालू नये, हे त्या शास्त्राचे पहिले सूत्र होय. आणि भाच्याचे सारे शिक्षण वाद घालण्यातच झाले होते.

"पुढच्या चाकांच्या टायरची नक्षी कमीत कमी किती खोल असावी?" मी विचारले.

"एक अष्टमांश इंच."

"चूक. चार बत्तिसांश इंच."

"मामा, अहो, ते एकच झालं!"

"एक असेल, पण छेद बदलायचा अधिकार तुला कोणी दिला?"

त्याने हताशपणे भाचेसुनेकडे पाहिले, परंतु ती हिशेब-तपासनीस असल्याने तिने माझीच बाजू घेतली. सरकार अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देत नाही याला बहुधा कारण असते. पुढच्या टायरांना 4/32 आणि बाकीच्यांना 2/32, असे दोन्ही आकडे एकाच छेदावर उभे केले की कोणाकडून किती पट अपेक्षा आहे हे निरक्षरालाही कळते. त्यातून तेथील टायर मोजण्याच्या पट्टीवर खुणाच मुळी बत्तिसांशाच्या असतात. पर्यायांच्या यादीत एक अष्टमांश कोठेही नव्हता, हे मी त्याला बोट ठेवून दाखविले.

खरा संग्राम पेटला तो रिकाम्या गाडीवरून. भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक यांपैकी थांबावयास अधिक अंतर कोणाला लागते, असा प्रश्न होता. भाच्याने कागद घेतला, घर्षण, वस्तुमान, गुरुत्वाकर्षण यांची मांडणी केली, दोन्ही बाजूंचे वस्तुमान छेद देऊन उडविले आणि दोन्ही गाड्या सारख्याच अंतरात थांबतील असा निकाल दिला. पुस्तकाचे म्हणणे उलट होते. अवजड वाहनाचे ब्रेक, टायर, स्प्रिंगा हा सारा सरंजाम पूर्ण भारासाठी योजलेला असतो. भार नसला की चाकांची रस्त्यावरील पकड कमी होते, ती उसळतात, जागच्या जागी जखडतात, आणि गाडी घसरत पुढे जाते. म्हणून रिकाम्या गाडीलाच थांबावयास अधिक वाट लागते. भाच्याला हे पटावयास रात्र झाली. मला ते वाचताक्षणीच पटले, कारण हाताशी काम नसलेल्या माणसाला आवरणे हे कामात बुडालेल्याला आवरण्याहून किती अवघड असते, हे मी दुपारच्या वेळी कचेरीत वर्षानुवर्षे पाहिले होते.

तथापि त्या ग्रंथातील सर्वांत रसाळ प्रकरण कोणते असे मला कोणी विचारले, तर मी एअर ब्रेकचे नाव घेईन. ताशी 55 मैल वेगाने जाणाऱ्या ट्रकच्या चालकाला समोर धोका दिसतो, आणि तो धोका आहे हे त्याच्या मेंदूला मान्य होईपर्यंत गाडी 142 फूट गेलेली असते; मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोहोचून त्याची तामिली होईपर्यंत आणखी 61 फूट जातात; पाय पडल्यावर हवेला नळ्यांतून चाकांपर्यंत जावयास अर्धा सेकंद लागतो, त्यात 32 फूट खर्ची पडतात; आणि एवढे झाल्यावर प्रत्यक्ष ब्रेक लागून गाडी थांबते ती पुढच्या 216 फुटांत. बेरीज 450 फुटांच्या पलीकडे जाते, आणि हेही रस्ता कोरडा व ब्रेक उत्तम असतील तर. दृष्टोत्पत्ती, विचार, हुकूम, तामिली हा क्रम मला अपरिचित नव्हता, आणि निम्म्याच्या जवळपास अंतर विचार व हुकूम यांतच निघून जाते हेही अपरिचित नव्हते. नवल एवढेच वाटले की येथे कोणीतरी ते फुटाफुटाने मोजून ठेवले आहे.

ताईला मात्र हवेवर चालणारे ब्रेक ही कल्पनाच सोसेना. "हवा गेली तर?" तिने साताऱ्याहून विचारले. हाच प्रश्न पुस्तकात आहे, आणि त्याचे उत्तर हा त्या यंत्ररचनेचा कळस आहे. नित्याचे ब्रेक हवा लावते हे खरे. परंतु गाडी उभी करण्याचे जे ब्रेक असतात ते बळकट स्प्रिंगांनी लागतात, आणि एरवी हवेचे काम त्या स्प्रिंगांना दाबून धरण्याचे असते. हवेचा दाब उतरत उतरत दर चौरस इंचास 20 ते 45 पौंडांच्या दरम्यान आला की स्प्रिंगा मोकळ्या होतात व ब्रेक आपोआप आवळले जातात. म्हणजे त्राण संपले की गाडी सुटत नाही, थांबते. मी हे शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितल्यावर ताई क्षणभर गप्प राहिली. "शहाणं यंत्र आहे," ती म्हणाली. "आपल्या घरातल्या पुरुषांना नाही हे जमलं."

बाकीची प्रकरणे भाच्याने लवकर उरकली. सर्वांत मंद, सर्वांत भित्रे व सर्वांत कंटाळवाणे उत्तर निवडावे, अशी त्याने एक किल्ली तयार केली होती. परंतु टायर फुटल्यास काय करावे, या प्रश्नापाशी ती किल्ली अडकली, कारण तेथे भित्रा मनुष्य पहिल्याने ब्रेक दाबतो, आणि पुस्तक सांगते की चक्र घट्ट धरावे व गाडी पुष्कळ मंदावेपर्यंत ब्रेकला पाय लावू नये. मद्यप्राशनावरील भाग ताईच्या आग्रहावरून मोठ्याने वाचण्यात आला. साध्या मोटारवाल्यास रक्तातील मद्याची मर्यादा शेकडा 0.08 आणि या चालकांस त्याच्या निम्मी. कॉफीने, थंड पाण्याच्या स्नानाने उतार पडतो ही समजूत खोटी. उतार केवळ वेळाने पडतो. भाचा चहाही बेताचाच पितो, तरीही त्याला हे दोनदा ऐकावे लागले.

बंद पडलेल्या ट्रकामागे ठेवावयाच्या तीन परावर्ती त्रिकोणांचा पाठ आम्ही इमारतीच्या वाहनतळावर गिरविला. दुभागलेल्या रस्त्यावर 10, 100 आणि 200 फुटांवर, येणाऱ्या रहदारीच्या दिशेने, आणि गाडी थांबल्यापासून दहा मिनिटांच्या आत ते मांडावे लागतात. मांडावयास जाताना त्रिकोण आपल्या व येणाऱ्या वाहनांच्या मध्ये धरून चालावे, म्हणजे चालकांना आपण दिसू, अशी पुस्तकाची सक्त ताकीद आहे. त्याप्रमाणे माझा उच्चविद्याविभूषित भाचा भर दुपारी छातीशी तांबडे त्रिकोण धरून रिकाम्या वाहनतळावर पावले मोजीत चालला असता एक वृद्ध गुजराती शेजारी फिरावयास आले, बराच वेळ उभे राहिले आणि अखेर हळूच मला विचारते झाले, "तबियत ठीक आहे ना?"

यथाकाल परीक्षा झाली. संगणकाच्या पडद्यावर उत्तरे द्यावयाची असल्याने निकाल तेथल्या तेथेच लागला, आणि भाचा तिन्ही भागांत उत्तीर्ण झाला. रिकाम्या गाडीचा प्रश्न आला होता. त्याने पुस्तकाचे उत्तर दिले आणि न्यूटनशी फितुरी केलेल्या माणसाच्या मुद्रेने तो बाहेर आला. इतके करून हाती पडला तो शिकाऊ परवाना. शेजारी पक्का परवानाधारक बसलेला असल्याखेरीज त्यावर ट्रक हलविता येत नाही, नोंदणीकृत शाळेतील तालीम 7 फेब्रुवारी 2022 पासून अनिवार्य झालेली आहे, आणि रस्त्यावरील परीक्षा किमान 14 दिवस उलटल्यावाचून देता येत नाही. ताईने हे सारे ऐकून न ऐकल्यासारखे केले व आळीत पेढे वाटले.

जाता जाता एका कलमाकडे, जे स्वतः मोटार चालवितात अशा वाचकांचे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. पुढच्या वाहनापासून ट्रकने किती अंतर ठेवावे, याचा हिशेब असा आहे की, गाडीच्या लांबीच्या दर 10 फुटांस एक सेकंद, आणि वेग ताशी 40 मैलांहून अधिक असल्यास वर आणखी एक. म्हणजे 60 फुटी ट्रक ताशी 50 मैलांनी जात असेल तर त्याच्यापुढे 7 सेकंदांची, सुमारे 500 फुटांची, जागा मोकळी असावयास हवी. न्यू जर्सीच्या टर्नपाइकवर मी पाहिले की, कोणी ट्रकवाला ही जागा इमानाने सोडतो न सोडतो तोच एखादी चकचकीत मोटार तीत येऊन बसते, मग दुसरी येते, आणि तो बिचारा पुन्हा मागे सरून नवी जागा मोकळी करतो. आपल्या बोरघाटातही हेच चालते, आणि तेथे तर उतार आहे. महसूल खात्यात ज्याची हयात गेली त्याला ही जागा कोणाची हे सांगावे लागत नाही. ती पडीक नाही, बेवारस नाही. ती त्या ट्रकच्या ब्रेकांच्या नावे लागलेली आहे. तीत कृपा करून अतिक्रमण करू नये.