दिवाणजी निजले

रात्री दोनला फोन वाजला, तेव्हा बायको कूस बदलत म्हणाली, "तुझ्या सर्व्हरला सांग, घरात माणसं झोपलीयत." पण सर्व्हर ठणठणीत होता. निजले होते ते त्याचे दिवाणजी.

हे दिवाणजी मी आईला माझी नोकरी समजावताना शोधून काढले. सर्व्हरच्या पोटात आणखी एक चिमुकला संगणक असतो, मॅनेजमेंट कंट्रोलर. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी. धनी बंद असला तरी हा चिमूटभर विजेवर टक्क जागा. पंखे फिरतायत का, ताप चढलाय का, सगळं टिपून ठेवणार आणि हुकूम आला की धन्याला उठवणार. इंटेल, एचपी, एनईसी आणि डेलनं १९९८ साली याच्याशी बोलायची आयपीएमआय नावाची बोली ठरवली. हेतू हा, की माणसाला मशिनपाशी जावं लागू नये. "म्हणजे घरबसल्या पगार," आई म्हणाली.

बंगळूरमध्ये या सोयीचं मोल निराळं. मी जयनगरात, मशिन व्हाइटफील्डला, मधे सिल्क बोर्डचा चौक. केबलमधून जाणाऱ्या हुकमाला सिग्नल लागत नाही. फक्त दिवाणजी जागे हवेत.

आमचे पिंग केलं की हुंकार द्यायचे, लॉगिन म्हटलं की गप्प. ६२३ नंबरच्या पोर्टावर थापा मारून झाल्या. डेटा सेंटरमधल्या रात्रपाळीच्या पोराला विनवलं, तर म्हणाला, "तिकीट हाकी सार, बेळिग्गे नोडोण." म्हणजे तिकीट टाका, सकाळी बघू.

उरलं मागचं दार. धनी जागा होताच. त्याच्या घरात शिरून आतूनच दिवाणजींना हलवायचं. त्यासाठी हुकूम आहे, 'आयपीएमआयटूल एमसी रीसेट कोल्ड'. यानं फक्त दिवाणजींच्या तोंडावर पाणी बसतं. मात्र त्याचाच चुलतभाऊ 'आयपीएमआयटूल चॅसी पॉवर रीसेट' हा थेट धन्यालाच जिन्यावरून ढकलतो, अंगावरच्या गिऱ्हाइकांसकट. आणि वरचा बाण दाबला की माझ्या स्क्रीनवर पहिला यायचा तो हा चुलतभाऊ. मागच्या आठवड्यात दुसऱ्या मशिनसाठी मीच वापरलेला. बाणाला हात न लावता एकेक अक्षर पुटपुटत टाइप केलं. "रात्री कसली रे स्तोत्रं?" पलीकडून आवाज आला.

एंटर. उत्तर आलं, 'सेंट कोल्ड रीसेट कमांड टू एमसी'. म्हणजे पत्र पेटीत पडलं. पोचलं का, ते पोस्टमन जाणे.

मिनिटभरात त्या पोराचाच फोन. "सार! हेलिकॉप्टर!" ताप बघणारं कोणी नाही म्हटल्यावर पंखे सुटले होते. हे अपेक्षितच असतं, असं मी इतक्या शांतपणे सांगितलं की माझंच मला कौतुक वाटलं. दिवाणजी पुन्हा उठेपर्यंतची तीन मिनिटं मी घड्याळाकडे बघत पलंगाच्या कडेवर बसून काढली. धनी मात्र सगळा वेळ गिऱ्हाइकं करत होता. त्याच्या गावीही नव्हतं.

मग पंखे निवले, लॉगिन झालं. दिवाणजींनी डोळे चोळत पहिली नोंद केली, त्यावर तारीख १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच. अशा संगणकांचं कालमान तिथूनच सुरू होतं, ग्रिनिचच्या मध्यरात्री. आपले साडेपाच तास वर. घड्याळ हरवलं की मंडळी थेट मूळगावी जातात.

सकाळी आईला हे सांगितलं. तिनं जरा आठवून पाहिलं.

"सत्तर साली पहाटे साडेपाचला मी साताऱ्यात नळावर रांगेत असायचे," ती म्हणाली. "तुझे दिवाणजी काही दिसले नाहीत बाई."