टेकडी सत्वर उचलण्याबाबत

प्रति,
समस्त दगडखाणवाले, क्रशरवाले आणि परवाना मिळेलच या भरवशावर डंपर घेऊन ठेवलेले होतकरू उद्योजक,
मुक्काम : बंगळुरूच्या सभोवार

महोदय,

आम्ही बंगळुरूतले काही मराठी लोक. रविवारी पहाटे डब्यात थालीपीठ आणि पायात महागडे बूट घालून म्हैसूर रस्त्याला लागतो आणि उजाडता उजाडता रामनगरच्या रामदेवर बेट्टा या टेकडीखाली पोचतो. बंद पडलेल्या खाणी पुन्हा सुरू व्हाव्यात, नवे पट्टे मिळावेत म्हणून आपली जी धावपळ चालते, तिला आमच्यासारख्या रिकामटेकड्यांचा अडथळा होतो असं ऐकतो. तो गैरसमज दूर करण्यासाठी हे पत्र. आमची कसलीही हरकत नाही. उलट उशीर का लावताय, एवढीच विचारणा आहे.

तसं पाहिलं तर या टेकड्यांचा उपयोग काय? आमचे गुडघे दुखतात. वर पट्टाभिरामाचं देऊळ आहे, पण देवाला खाली आणता येतं. शहरात तो ट्रॅफिक सिग्नलपाशीही मिळतो. १९७५ च्या ‘शोले’चं चित्रीकरण इथं झालं, ते तर संपलंच. हा खडक २५० कोटी वर्षांचा आहे. भूशास्त्रज्ञ त्याला क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात, कारण इंग्रजांच्या काळी रामनगरचं नाव क्लोजपेट होतं. त्याच्यापुढे आमचा सह्याद्रीचा बसाल्ट साडेसहा कोटींचा, म्हणजे पोरसवदाच. इतक्या म्हाताऱ्या दगडाला अजून उभं ठेवणं माणुसकीला धरून नाही.

आमच्यातली तरुण मंडळी कडा चढताना करतात तो प्रकार तर बघवत नाही. धरायला खाच नाही, टेकायला पायरी नाही. बुटाचं रबर आणि दगडाचा खरखरीतपणा एवढ्या भांडवलावर पोरं कड्यावर उभी राहतात. मी खालीच बसतो. पहाटेच्या गार दगडावर तळहात टेकला की करंगळीच्या पेराएवढे गुलाबी स्फटिक हाताला लागतात, आणि हात उचलला की त्यांची नक्षी थोडा वेळ तळव्यावर राहते. मागच्या रविवारी घरी येऊन चहा टाकला, ओट्यावर हात टेकला, तर तेच गुलाबी ठिपके. फक्त पॉलिश केलेले. टेकडी आधीच घरी येऊन बसली होती. मी उगाच पन्नास किलोमीटर पेट्रोल जाळून तिला भेटायला जात होतो!

तेव्हा तुमच्याकडे बोट दाखवायची आमची लायकी नाही, हे आधीच कबूल करतो. नदीची वाळू दुर्मीळ झाल्यापासून आमचे फ्लॅट एम-सँडवर, म्हणजे दगडाच्या भुग्यावर उभे आहेत. इथं खडीला जल्ली म्हणतात. रविवारी आम्ही जिच्यावर चढतो, तीच सोमवारी जल्ली होऊन चौथ्या मजल्याच्या स्लॅबला लागते. पूर्वीही दगड निघत होताच. विधानसौधही ग्रॅनाइटचंच आहे. वडार भोकांची रांग पाडायचे, पाचरी ठोकायचे आणि दगड हव्या त्या रेषेत उकलायचा. त्या रांगा जुन्या खडकांवर अजून दिसतात, टाके घातल्यासारख्या. पण त्या पद्धतीत टेकडी मागे उरायची. तुमच्या पद्धतीत ती अडचण नाही.

रेषा सरकवण्याची जी कला या शहरानं सिद्ध केली आहे, तिचं मात्र मनापासून कौतुक. बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानाभोवतीचं संवेदनशील क्षेत्र २०१६ च्या मसुद्यात २६८.९६ चौरस किलोमीटर होतं. मार्च २०२० च्या अंतिम अधिसूचनेत ते १६८.८४ झालं. या क्षेत्रात खाणकामाला मनाई असते. हत्ती, झाडं, खडक जिथल्या तिथंच राहिले आणि शंभर चौरस किलोमीटर एका रात्रीत कागदावर कमी संवेदनशील झाले! १६३८ मध्ये शहाजीराजे रणदुल्लाखानाबरोबर इथं आले आणि केंपेगौडांना बंगळूर सोडून मागडीकडे जावं लागलं. किल्ले घेण्याचा आम्हा मराठ्यांचा अनुभव असा जुना आहे. किल्ल्याखालचा डोंगरच घेऊन जायचा, हे आम्हाला कधी सुचलं नाही.

एका गोष्टीत मात्र अन्याय होतोय. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं कृष्णराजसागर धरणाच्या २० किलोमीटर परिघात खाणकामाला बंदी घातली. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती आपल्या निपाणीचे, प्रसन्न वराळे. धरणाच्या भिंतीला तडा गेला तर त्याला दुर्घटना म्हणतात. टेकडीला तडा गेला तर उत्पादन. टेकडीच्या बाजूनं बोलायला इंजिनिअर नाही, पाणीवाटपाचा लवाद नाही. फक्त थालीपीठवाले आहेत.

सुरुंगांबद्दलही लिहिणार होतो. २१ जानेवारी २०२१ च्या रात्री शिवमोग्ग्याजवळ हुणसोडूला खाणीसाठी आणलेल्या स्फोटकांचा ट्रक उडाला. शेजारच्या जिल्ह्यांतल्या लोकांना भूकंपच वाटला. महिनाभरानं, नंदीहिल्स ज्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात आहे तिथल्या हिरेनागवल्लीजवळ, जिलेटिनच्या कांड्यांची विल्हेवाट लावताना सहा जण मेले. या परिच्छेदात थट्टा जमत नाही. पुढे जातो.

२०१२ मध्ये रामदेवर बेट्टावर गिधाडांसाठी अभयारण्य झालं. २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं रामनगर जिल्ह्याचं नाव बंगळुरू दक्षिण करायचं ठरवलं, म्हणजे टेकडी आता पत्त्यानं शहरातच आली. शहरातल्या टेकडीचं पुढे काय होतं, हे आम्हा मूळच्या पुणेकरांना तुम्ही सांगायला नको.

तरी एक विनंती. ते शंभर चौरस किलोमीटर पुन्हा रेषेच्या आत घ्या, असा अर्ज आम्ही सरकारकडे केला, तर त्याच्या खाली तुमचीही सही हवी. तुमची मुलंसुद्धा रविवारी कुठंतरी जात असतीलच.

आपला,
एक ओटाधारक

ता. क. : रामदेवर बेट्टाच्या कपारीत राहणारं लांब चोचीचं गिधाड हिवाळ्यात घरटं करतं आणि वर्षाला एकच अंडं घालतं.