डोंगर चढण्याची फी

आमच्या घराण्यात मुलांनी काय शिकायचं हे ठरलेलं आहे. इंजिनिअरिंग, ते जमत नसेल तर पुण्याबाहेरचं इंजिनिअरिंग. त्यामुळे बारावी झालेल्या माझ्या भाच्यानं, ओंकारनं, ‘स्कॉटलंडला स्टर्लिंग विद्यापीठात पर्यावरण भूगोल आणि मैदानी शिक्षण या विषयात पदवी घेणार’ असं जाहीर केलं, तेव्हा ताईनं आधी गॅस बंद केला आणि मग मला फोन लावला. मी एके काळी भूगोल घेऊन बीए झालोय. घरातल्या भूगोलाची जबाबदारी तेव्हापासून माझ्यावर आहे. बद्रीनाथला मेमध्ये स्वेटर लागेल का, हेही मलाच विचारतात.

बैठकीचे अध्यक्ष अर्थातच ताईचे थोरले दीर, अण्णा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते प्रत्येक गोष्टीत व्याजाचा दर शोधतात.

“शिकवतात काय तिथे?”

“डोंगर, नद्या, जंगलं कशी घडली, माणसानं त्यांचं काय केलं, हे. आणि लोकांना बाहेर नेऊन ते कसं शिकवायचं, तेही.”

“बाहेर म्हणजे?”

“बाहेर, काका. डोंगरात. होडीत.”

“म्हणजे सहल,” अण्णा म्हणाले. “वर्गणी किती?”

ओंकारनं आकडा सांगितला. पौंडातला असल्यामुळे तो क्षणभर लहान वाटला. अण्णांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मोबाइलवर शोधाशोध केली. “हे बघ. बेन नेव्हिस. अख्ख्या ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर. उंची १३४५ मीटर. आपली कळसूबाई १६४६! तीनशे मीटर कमी डोंगर चढायला एवढे पैसे? अशी पदवी द्यायचीच असेल तर ती बारी गावच्या ग्रामपंचायतीनं द्यावी.”

“त्या माथ्यावर वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं, काका.”

“मग तर मुळीच नको,” ताई म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता माझा भूगोल म्हणजे काय होता? आमच्या वर्गात निम्मी मुलं भूगोलासाठी आली होती आणि निम्मी एमपीएससीसाठी. भूगोलासाठी आली होती, ती पुढे एमपीएससीला बसली. नकाशावरच्या समोच्च रेषांवरून दरीचा छेद काढणं, तो टोकदार पेन्सिलीनं गिरवणं आणि जर्नलवर सरांची सही घेणं, हे आमचं निसर्गात रमणं. पर्यावरण हा विषय तर सगळ्याच शाखांना सक्तीचा होता. त्याचा ‘वृक्षतोड : एक समस्या’ हा प्रकल्प कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळायचा. दरवर्षी किती रिमं कागद त्यात जात असेल, यावर मात्र प्रकल्प नव्हता.

तरी अशा वेळी भूगोलवाल्यानं भूगोलवाल्याच्या बाजूनं उभं राहायचं असतं. मी पॅट्रिक गेडिस बाहेर काढला. हा मूळचा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ. शहर असो की दरी, ती आधी पायानं आणि डोळ्यानं वाचायची, असा त्याचा आग्रह. एडिंबरामध्ये त्यानं एक मनोराच या कामाला लावला होता. लोकांनी वर जाऊन आपलं शहर आणि भोवतालचा मुलूख बघायचा, मग एकेक मजला उतरत बाकीचं जग समजून घ्यायचं. “हा माणूस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला,” मी म्हणालो. अण्णा ढिम्म. “आणि १९२४ मध्ये त्याच्या जागी आले गोविंद सदाशिव घुर्ये. मालवणचे.”

अण्णा मूळचे मालवणचे. “घुर्ये?” ते सरसावून बसले. “आमच्याकडचे?” त्यानंतर बैठकीत फक्त चिवडा किती किलो द्यायचा एवढंच ठरायचं उरलं.

स्टर्लिंगचं विद्यापीठ ओकिल टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. आवारातच तळं आहे आणि मागे डमायट नावाचा डोंगर. पहिल्याच फोनमध्ये ओंकार म्हणाला, “मामा, लेक्चर भर पावसात झालं.” ताईला हे सहन होईना. मी तिला सांगितलं, तिथल्या पश्चिमेकडच्या अगदी ओल्या डोंगरांतही वर्षाला चार-साडेचार हजार मिलिमीटर पडतो. आपलं महाबळेश्वर साडेपाच हजारांच्या वर जातं आणि तेही बहुतेक सगळं चार महिन्यांत. ताईला जरा अभिमान वाटला. काळजी होती तेवढीच राहिली.

मग हळूहळू अभ्यासक्रम उलगडू लागला. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक हिशेब घालून दिलाय. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला वर आणखी एक तास. धुक्यात हात दिसेनासा झाला की पावलं मोजत, होकायंत्राच्या जोरावर जायचं. शिवाय पीट. पाण्यात अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो आणि स्कॉटलंडची एक पंचमांश जमीन त्यानंच व्यापलीय. त्यात ओंकारचा पाय गुडघ्यापर्यंत गेला. गुडघाभर म्हणजे अर्धा मीटर, अर्धा मीटर म्हणजे पाचशे वर्षं. मुलगा उभ्या उभ्या शिवजन्माच्या शंभर वर्षं मागे जाऊन आला, आणि येताना बूट तिथेच राहिला.

ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी १८९१ मध्ये तिथल्या तीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ शिखरं आहेत, आणि लोक ती एकेक चढून खूण करत आयुष्य काढतात. हे ऐकून अण्णा म्हणाले, “अष्टविनायक आठच ठेवले, ही आपल्या पूर्वजांची दूरदृष्टी.”

पण खरी पंचाईत वेगळीच निघाली. या विषयाचा विद्यार्थी घरात असला की निसर्गाला ‘वा’ म्हणायची सोय राहत नाही. त्यानं पाठवलेला मोकळ्या, सोनेरी उतारांचा फोटो ताईनं ‘स्वर्ग!’ असं लिहून स्टेटसला ठेवला. तासाभरात ओंकारचा निबंध आला : आई, हा स्वर्ग नाही. यातल्या कित्येक उतारांवर पूर्वी पाइन आणि बर्चची झाडं होती. ती तुटली. मग अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी कुळांना हुसकून मेंढ्या आणल्या, नंतर शिकारीच्या हौसेसाठी हरणं वाढवली. लांडगे संपलेले, त्यामुळे कोवळं रोप वर आलं की हरणं ते खातात. तुला जी शांतता आवडली, ती उठवलेल्या गावांची आहे. ताईनं स्टेटस काढलं आणि गुलाबजामचा फोटो ठेवला. त्यावर साखरेच्या कारखान्यांबद्दल काही येतं का, म्हणून ती रात्रभर धास्तावली होती.

सुट्टीत आल्यावर त्यानं वेताळ टेकडीवर रोज सकाळी हिरवाईत प्राणायाम करणाऱ्या अण्णांना सांगितलं, की ही हिरवाई म्हणजे बरीचशी गिरिपुष्प आहे, मध्य अमेरिकेतून आलेली. अण्णांनी श्वास घेतलेला होता. तो सोडावा की नाही, या विचारात ते थोडा वेळ तसेच उभे राहिले.

तेव्हा सिंहगडाची सहल ठरली. ओंकारनं आदल्या रात्री धोक्यांचा तक्ता केला. धोका काय, कोणाला, शक्यता एक ते पाच, परिणाम एक ते पाच, दोन्हींचा गुणाकार. गुणाकार आहे म्हटल्यावर अण्णा चष्मा लावून शेजारी बसले. ‘माकडं : चार गुणिले दोन.’ ‘निसरडे दगड : तीन गुणिले चार.’ ‘पिठलं-भाकरी खाऊन लगेच उतरणं : पाच गुणिले तीन.’ सर्वांत मोठा आकडा ‘नेत्याचं न ऐकणारे ज्येष्ठ सदस्य’ यापुढे होता. अण्णांनी गुणाकार तपासला आणि बरोबर असल्याची खूण केली. नाव लिहिलेलं नसल्यामुळे त्यांना तो धोका माझ्याबद्दल वाटला.

आतकरवाडीतून निघालो. नेस्मिथच्या हिशेबानं दीड तास. नेस्मिथला वाटेतलं लिंबू सरबत, ताक आणि अण्णांना भेटणारे बँकेतले जुने सहकारी ठाऊक नसावेत. आम्ही पोचलो तेव्हा अण्णांची आई, म्हणजे ओंकारची आजी, गाडीरस्त्यानं केव्हाच वर येऊन, पदर खोचून, देवटाक्याजवळ मडक्यातलं दही खात बसली होती.

जेवण झाल्यावर ओंकारनं सगळ्यांना गोल बसवलं. त्यांच्याकडे हे फार महत्त्वाचं असतं म्हणे. नुसतं चढून चालत नाही. काय झालं, त्यानं काय वाटलं आणि पुढच्या वेळी काय वेगळं करणार, हे मनापासून सांगायचं, आणि त्याला मार्क असतात. आमच्या घरात कुणाला काय वाटलं हे विचारायची पद्धत नाही. वाटलं तर बोलून दाखवतात, नाही तर जेवत नाहीत. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

“काका, तुम्ही. काय झालं?”

“गुडघे.”

“आणि काय वाटलं?”

“गुडघे.”

“पुढच्या वेळी?”

“आईबरोबर. गाडीनं.”

आजीची पाळी आली. तिनं मडकं खाली ठेवलं. “झालं काय, तर दह्यात साखर कमी होती. वाटलं काय, तर आणखी एक घ्यावं. पुढच्या वेळी आधीच दोन सांगेन.”

ओंकार वहीत भराभर उतरून घेत म्हणाला, “आजी, इतकं नेमकं आमच्या वर्गात कुणी लिहीत नाही.”

“ऐकलंस?” अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. “आणि हिला किती फी पडली? चाळीस रुपये. मडक्यासकट.”