आधी मिस्त्री, मग अॅम्प्लिफायर

वसईत जुनं घर पाडून इमारत उभी राहू लागली की आजोबांची खुर्ची फ्लॅटमध्ये जाते आणि अॅम्प्लिफायर भंगारात. का, तर 'चालत नाही'. भंगारवाला मात्र खूश असतो. आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याचा भाव त्याला ठाऊक आहे, आपल्याला नाही. मग आपण प्लॅस्टिकचा ब्लूटूथ स्पीकर आणतो. दोन-चार वर्षांत त्याची बॅटरी दम सोडते आणि तो उघडून दुरुस्त करायला कुणी तयार होत नाही.

दुसऱ्या खोलीसाठी दुसरी सिस्टीम हवी असेल तर भंगारात जाणारा तो जड डबाच घ्या. वजन म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि अशा जुन्या अॅम्प्लिफायरचा जीव त्यातच. नव्वदच्या दशकात खोक्यांवर 'पीएमपीओ'चे हजारो वॅट छापायचे. ती निव्वळ थाप होती. ताकद दुप्पट केली तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. दहा बाय बाराच्या खोलीला खरे २०-३० वॅट पुष्कळ झाले. शेजारीही सुखी राहतात.

वसईतल्या होळी भागातल्या घराला मात्र एक पथ्य आहे. इथली हवा दमट, वारा खारा. स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमच्या कडेचा अशा हवेत भुगा होतो, म्हणून रबराची कड असलेले स्पीकर शोधा. फोमचेच मिळाले तर कड बदलण्याचा खर्च आधीच किमतीतून वजा करा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर झाली की सौदा मोडू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने ती बहुतेक वेळा जाते. स्वयंपाकघरातलं तेल मात्र त्यात चुकूनही सोडू नका. तीस-चाळीस वर्षांचे कपॅसिटर सुकलेले असतील, असंच धरून चला.

खरेदीला ग्रँट रोडला उतरायचं. सेटसाठी चोर बाजार, सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड. विक्रेता मोठ्या आवाजात गाणं लावून दाखवेल; तुम्ही मल्टिमीटर काढा. स्पीकर जोडण्याआधी अॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. ते ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. विक्रेता मोजू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. बंद पडलेला सेट घरी आणून थेट प्लगमध्ये घालू नका, सिरीज बल्ब लावूनच सुरू करा. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

अमेरिकेहून आलेला टर्नटेबल स्वस्तात मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, फ्रिक्वेन्सी नाही. सिंक्रोनस मोटरचा, ६० हर्ट्झचा टर्नटेबल आपल्या ५० हर्ट्झवर एक षष्ठांशाने हळू फिरतो. लताबाईंचा आवाज जाड निघेल. त्याला ५० हर्ट्झची पुली मिळेल का, हे विचारूनच पैसे द्या.

आणि हे सगळं सांभाळणारा मिस्त्री आधी गाठा, डबा नंतर. बाजारात नकली आउटपुट ट्रान्झिस्टरचा सुळसुळाट झाला आहे. ते उडतात आणि जाताना स्पीकरही नेतात. अस्सल माल ओळखणारा, सर्किटमधला जळलेला मार्ग नजरेने शोधणारा माणूस म्हणजे सिस्टीमचा सर्वांत महाग भाग, आणि आपण घासाघीस करतो ती नेमकी त्याच्याशी. मोबाइलची काच बदलायला निमूट पैसे मोजायचे आणि दिवसभर सोल्डरिंग करणाऱ्याला 'एवढे कशाचे?' विचारायचं, हे मला असह्य होतं. म्हणूनच मिस्त्र्यांची मुलं या धंद्यात येत नाहीत.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही स्थान आहे. मग वसई-विरार महापालिकेने ई-कचरा गोळा करताना मिस्त्र्यांना सोबत बसवावं. दुरुस्त होणारा सेट त्यांनी बाजूला काढावा, उरलेला पुढे जाऊ द्यावा. या कामाचा मेहनताना त्यांना त्याच दिवशी मिळावा.