दहापैकी पनीर
आठवीच्या वह्या तपासतोय. विषय : ‘माझे आवडते हॉटेल’. छत्रपती संभाजीनगरातली यच्चयावत पोरं एकाच हॉटेलात जेवतात. तिथले ‘पदार्थ रुचकर आणि वातावरण प्रसन्न’ असतं; पत्ता गाईडमध्ये. मुहम्मद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी इथून जवळच्या दौलताबादला हलवली. इथला नान खलिया त्याच्या लष्करामागून आला म्हणतात. एवढी वर्षं या भागात शिजणारा पदार्थ वह्यांत जवळजवळ नाहीच. सगळीकडे पनीर, तेही ‘पौष्टिक’! एकीनं मात्र लिहिलंय : ‘खलियाची तर्री नानमध्ये मुरेपर्यंत अब्बा कुणाशी बोलत नाहीत.’ समारोप नाही, म्हणून नियमाप्रमाणे तिचे दोन गुण कापायचे. गाईडवाल्यांना मात्र पैकीच्या पैकी. पालकहो, पुढच्या निबंधाआधी पोरांना एकदा खरोखर जेवायला न्या.